पाटीवर नाव नसलेला राजपुत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार विभागातून सहज फेरी मारली, तरी गाळ्यांवरच्या पाट्या वाचण्यासारख्या असतात. आधी आजोबांचं नाव, मग 'आणि पुत्र', 'आणि बंधू', 'आणि मंडळी'. गाळ्यावर हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, घरातल्या मुलाचं स्थान तीन गोष्टींवरून कळतं. पाटीवर त्याचं नाव आहे का, तो गादीवर बसतो का, आणि वाटणीत त्याला काय मिळतं. तिन्ही मिळाल्या तर प्रश्नच नाही. पण कधी कधी मुलाला वाटणी मिळते, मालाच्या खरेदीला तो गावोगाव हिंडतो, अडचणीच्या वेळी सगळ्यात पुढे तोच असतो, आणि पाटीवर मात्र त्याचं नाव नसतं.

आज मी तुम्हाला अशाच एका मुलाची गोष्ट सांगणार आहे. ही पेढी साधीसुधी नव्हती. तिचा व्यवहार पुण्याहून दिल्लीपर्यंत चालत होता. मुलाचं नाव समशेर बहाद्दर. वडील थोरले बाजीराव पेशवे, आई मस्तानी. मस्तानीचं नाव माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. तिच्यावर नाटकं, कादंबऱ्या, चित्रपट झाले. पण तिच्या मुलाचं पुढे काय झालं, असं विचारलं की बहुतेक जण 'पानिपतावर गेला' एवढंच सांगतात. त्याची बायको कोण, मुलगा कोण, नातू कोण, त्यांना काय मिळालं आणि काय नाही, हे सहसा कोणी विचारत नाही.

सुरुवात बुंदेलखंडापासून करू. 1729 मध्ये मुघल सरदार मुहंमदखान बंगशाने महाराजा छत्रसालांना कोंडीत पकडलं. वृद्ध छत्रसालांनी बाजीरावांकडे मदत मागितली. बाजीराव वेगाने गेले आणि त्यांनी छत्रसालांची सुटका केली. छत्रसालांनी बाजीरावांना पुत्र मानलं आणि आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा त्यांच्या नावे ठेवला. याच संबंधातून मस्तानी बाजीरावांच्या आयुष्यात आली. तिच्या जन्माबद्दल एकाहून अधिक परंपरा आहेत. एका परंपरेनुसार ती छत्रसालांना मुसलमान पत्नीपासून झालेली मुलगी होती आणि घर प्रणामी पंथाचं होतं. राम आणि रहीम यांत अंतर न मानणारा हा पंथ. त्या घरातून ती पुण्यात आली. पुण्यात मात्र हे अंतर मोजलं जात होतं.

आता एक खुलासा. पेशवा म्हणजे राजा नव्हे. राजे साताऱ्याला होते, छत्रपती शाहू महाराज. पेशवा त्यांचा मुख्य प्रधान. पण बाळाजी विश्वनाथांना 1713 मध्ये पेशवेपद मिळालं, 1720 मध्ये ते त्यांच्या मुलाला, म्हणजे बाजीरावांना मिळालं, आणि त्यानंतर ते त्याच घरात राहिलं. शनिवारवाडा 1732 मध्ये पूर्ण झाला, तेव्हा लोकांच्या लेखी तो राजवाडाच होता. त्यामुळे त्या वाड्यात जन्मलेल्या मुलांना राजपुत्र म्हटलं, तर फारसं चुकत नाही.

1734 या एकाच वर्षी बाजीरावांना दोन मुलगे झाले. काशीबाईंच्या पोटी रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा. मस्तानीच्या पोटी जो झाला, त्याचं पाळण्यातलं नाव कृष्णराव असं सांगितलं जातं. पुढे तो समशेर बहाद्दर म्हणून वाढला. समशेर म्हणजे तलवार. पण 'समशेर बहाद्दर' हे मुळात माणसाचं नाव नाही, तो किताब आहे. शाहू महाराजांच्या काळात बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या दमाजींना हाच किताब मिळाला होता. म्हणजे एका भावाला देवाचं नाव, बापाचं नाव आणि कुळाचं नाव मिळालं, आणि दुसऱ्याला नावाच्या जागी किताब मिळाला. पाटीचा प्रश्न इथेच सुरू झाला.

भाषेचा एक बारकावा पाहा. 'राघोबादादा अटकेपर्यंत गेले' असं आपण म्हणतो, आणि 'समशेर पानिपतावर गेला' असंही आपणच म्हणतो. बाप एक, जन्मवर्ष एक, मग एकाला बहुवचन आणि दुसऱ्याला एकवचन का? मी मात्र या भाषणात यापुढे दोघांनाही आदरार्थी बहुवचन लावणार आहे.

वाद पेटला तो मुंजीवरून. बाजीरावांना या मुलाची मुंज करायची होती आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाने ती नाकारली, असं परंपरेने सांगितलं जातं. आजच्या श्रोत्यांना वाटेल, एक विधी झाला नाही, तर त्यात एवढं काय? त्यासाठी पंक्ती म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. त्या काळात कोण कोणाशेजारी जेवायला बसतो, यावर माणसाची जागा ठरायची. मुंज झाली नाही तर पंक्तीत पान नाही. पंक्तीत पान नाही तर घरात लग्न नाही, श्राद्धाचा अधिकार नाही, आणि मग वारसा नाही. राज्य तलवारीने मिळवता येत होतं, पान मात्र तलवारीने मिळत नव्हतं. हिंदुस्थानभर ज्यांचा दरारा होता, त्या बाजीरावांनाही स्वतःच्या मुलासाठी ते मिळवता आलं नाही.

1740 च्या फेब्रुवारीत पुण्यात राघोबादादांची मुंज झाली. त्याच सुमारास मस्तानीला अटकेत ठेवण्यात आलं होतं. बाजीराव उत्तरेकडे निघून गेले आणि 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी इथे त्यांचा मृत्यू झाला. पाठोपाठ मस्तानीही गेली. समशेर बहाद्दर तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे होते. आई-बाप दोन्ही गेले आणि त्यांचं नेमकं स्थान कोणतं, हे मागे कोणीच ठरवलेलं नव्हतं.

इथे जरा दूरची एक गोष्ट सांगतो. त्याच काळात बीजिंगमध्ये मंचू घराण्याचं राज्य होतं. हे लोक उत्तरेकडून आलेले. 1644 मध्ये त्यांनी बीजिंग घेतलं आणि पुढे 1912 पर्यंत चीनवर राज्य केलं. त्यांच्याकडे राजपुत्राची जागा पंक्तीवरून नव्हे, तर वहीवरून ठरायची. राजघराण्याचं एक स्वतंत्र दफ्तर होतं. त्यात प्रत्येक मुलाचा जन्म नोंदवला जाई आणि दर दहा वर्षांनी वंशावळीची वही नव्याने लिहिली जाई. मुख्य शाखेतल्या पुरुषांना पिवळा कमरपट्टा, दूरच्या शाखांना तांबडा. राजपुत्रांच्या पायऱ्याही ठरलेल्या होत्या. बापाची पायरी मुलाला जशीच्या तशी मिळत नसे, साधारणपणे प्रत्येक पिढीला एक पायरी खाली यावं लागे. मोजक्या घराण्यांना मात्र कायमची पायरी दिलेली होती. त्यांना 'लोखंडी टोपीचे' राजपुत्र म्हणत, कारण ती टोपी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून उतरत नसे.

हे ऐकून वाटेल की वही असली की न्याय होतो. पण तसंही नाही. सम्राट कांगशीचा आठवा मुलगा यिन्स कर्तबगार होता. त्याची आई मात्र दासवर्गातून आलेली होती, आणि बापाने त्याला ते बोलूनही दाखवलं होतं. पुढे त्याचा सावत्र भाऊ गादीवर आला. त्याने 1726 मध्ये यिन्सचं नाव राजघराण्याच्या वहीतून काढून टाकलं आणि त्याला स्वतःचं नावही बदलायला लावलं. त्याच वर्षी यिन्स कैदेत मेला. नंतर 1778 मध्ये पुढच्या सम्राटाने त्याचं नाव परत वहीत घेतलं. बावन्न वर्षांनी आणि मेल्यानंतर का होईना, पण घेतलं. वहीचा एक फायदा असतो. नाव कोणी खोडलं तर ती खोड दिसते, आणि पुढे कोणीतरी तिथेच ते पुन्हा लिहू शकतो. पंक्तीतून उठवलेल्या माणसाची मात्र कुठे नोंद राहत नाही. पान मांडलंच नव्हतं, मग खोडणार काय?

आता परत पुण्यात येऊ. मस्तानीचा मुलगा म्हणून समशेर बहाद्दरांना वाऱ्यावर सोडलं गेलं नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. पेशव्यांच्या घरानेच त्यांना वाढवलं. थोरले सावत्र भाऊ नानासाहेब पेशवे झाले. त्यांच्या कारकिर्दीत समशेर बहाद्दर सरदार म्हणून तयार झाले. छत्रसालांकडून आलेल्या मुलखातला बांदा-काल्पीकडचा भाग त्यांच्या वाट्याला आला. पदरी फौज होती. म्हणजे वाटणी मिळाली, घोडा मिळाला, तलवार मिळाली. पाटीवर नाव आणि गादीवर बसायचा हक्क, या दोन गोष्टी तेवढ्या मिळाल्या नाहीत. मेहरामबाईंशी त्यांचं लग्न झालं आणि 1758 मध्ये मुलगा झाला, अली बहादूर. या मुलालाही कृष्णसिंग हे दुसरं नाव होतं. बापाचं नाव कृष्णराव होतं, मुलाचं कृष्णसिंग. एका घरात दोन पिढ्या दोन-दोन नावं नांदली.

14 जानेवारी 1761. पानिपत. सदाशिवरावभाऊंबरोबर समशेर बहाद्दरही उत्तरेत गेले होते. त्या दिवशी नानासाहेबांचे पुत्र विश्वासराव पडले, भाऊ पडले. समशेर बहाद्दर जखमी अवस्थेत बाहेर पडले, सूरजमल जाटाच्या मुलखापर्यंत पोहोचले आणि तिथे त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं सत्तावीस. त्यांची कबर भरतपूरला आहे. नानासाहेबांनी हा धक्का घेतला तो कायमचाच. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पर्वतीवर त्यांनी प्राण सोडला. मार्केट यार्डाच्या पश्चिमेला जी पर्वतीची टेकडी दिसते, तीच ही. त्या वर्षात पेशव्यांच्या घरातले जे गेले, त्यांची नावं मोजताना विश्वासराव, भाऊ, नानासाहेब अशी तीन बोटं आपण मुडपतो. चौथं बोट मुडपायचं राहून जातं.

अली बहादूर तेव्हा दोन-तीन वर्षांचे होते. तेही पुण्यात वाढले. पुढे नाना फडणवीसांनी त्यांना 1788 च्या सुमारास उत्तरेत पाठवलं. ज्यांच्या नावाची नाना पेठ, तेच हे नाना. आपल्या भुसार व्यापाराची जुनी जागा हीच नाना-भवानी पेठेची. तिथून तो नंतर मार्केट यार्डात आला. नाना फडणवीस हिशेबाला पक्के. उत्तरेत महादजी शिंद्यांचं वजन फार वाढलं होतं, त्याला पासंग म्हणून पुण्याचा आपला माणूस तिथे असावा, असा तो हिशेब होता. गंमत अशी की 'पुण्याचा आपला माणूस' म्हणून मस्तानीच्या नातवाची निवड झाली. मुंजीच्या वेळी परका ठरलेल्या मुलाचा मुलगा, राजकारणाच्या वेळी घरचा ठरला.

उत्तरेत एक प्रसंग घडला. हिंमतबहाद्दर गोसावी, म्हणजे अनूपगिरी, हा शैव गोसाव्यांच्या फौजेचा पुढारी. महादजींचा त्याच्यावर राग झाला, त्याने आपल्यावर चेटूक केलं अशी त्यांची समजूत झाली होती. तो पळून अली बहादूरांच्या छावणीत आला. महादजींनी त्याला परत मागितलं. अली बहादूरांनी शरण आलेल्या माणसाला दिलं नाही. त्यावरून मोठा तणाव झाला. पुढे याच गोसाव्याच्या साथीने अली बहादूरांनी बुंदेलखंडाचा मोठा भाग जिंकला आणि बांद्याला आपलं ठाणं केलं. बांद्याचे नवाब म्हणून ओळखलं जाणारं घराणं ते हेच. 1802 मध्ये कालिंजर किल्ल्याला वेढा घालून बसले असतानाच अली बहादूर वारले.

त्यांचे थोरले पुत्र दुसरे समशेर बहाद्दर. वडील गेले तेव्हा ते पुण्यात होते. म्हणजे तिसऱ्या पिढीतही पुण्याचं जाणंयेणं सुटलं नव्हतं. पण तोवर काळ बदलला होता. दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी वसईचा तह केला आणि त्यानंतर बुंदेलखंडातला मुलूख इंग्रजांकडे गेला. दुसरे समशेर बहाद्दर आधी लढले, मग 1804 मध्ये तडजोड झाली. कंपनी सरकारने त्यांना वर्षाला चार लाख रुपये तनखा ठरवून दिला.

1818 मध्ये पुण्याची गादीही गेली. दुसरे बाजीराव, म्हणजे राघोबादादांचे पुत्र, कानपूरजवळ बिठूरला राहायला गेले. त्यांना कंपनीने आठ लाखांचा तनखा दिला. हिशेबनीस माणसाच्या नजरेतून हे आकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. 1734 साली एकाच बापाच्या पोटी दोन मुलगे झाले. एकाला पंक्तीत पान मिळालं, दुसऱ्याला नाही. सत्तर-ऐंशी वर्षांनी दोघांचे वंशज गोऱ्या साहेबाच्या एकाच वहीत आले. एकाच्या नावापुढे आठ लाख, दुसऱ्याच्या नावापुढे चार लाख. आपल्या लोकांनी ज्यांना एका ओळीत बसू दिलं नाही, त्यांना परक्याने तनख्याच्या यादीत बसवलं.

मी कविता करतो, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसऱ्या समशेर बहाद्दरांचे भाऊ झुल्फिकार अली 1823 मध्ये बांद्याचे नवाब झाले. दिल्लीहून कलकत्त्याला निघालेले मिर्झा गालिब आजारी अवस्थेत बांद्याला थांबले, ते याच नवाबांकडे. त्यांचा पाहुणचार घेऊन, बरे होऊन ते पुढे गेले आणि 1828 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. गालिबला ज्या घराने आसरा दिला, ते घर थोरल्या बाजीरावांच्या पणतवंडांचं होतं. उर्दू साहित्याचे अभ्यासक बांद्याच्या नवाबाला ओळखतात आणि मराठी इतिहासाचे अभ्यासक समशेर बहाद्दरांना. दोन्हीकडचं घर एकच आहे, एवढं एकमेकांना कळवायला हवं.

मग आलं 1857. बांद्याला तेव्हा दुसरे अली बहादूर नवाब होते. ते इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी त्यांना राखी पाठवल्याची कथा बुंदेलखंडात आजही सांगितली जाते. एप्रिल 1858 मध्ये बांद्याच्या लढाईत त्यांचा पराभव झाला. तिथून ते काल्पीला गेले. तिथे कोण होतं? बिठूरच्या पेशव्यांचे रावसाहेब, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई. काल्पीला आणि मग ग्वाल्हेरला हे सगळे एकाच बाजूने लढले. राघोबादादांची गादी आणि समशेर बहाद्दरांचा वंश, पानिपतानंतर सत्त्याण्णव वर्षांनी पुन्हा एका छावणीत आले. छावणीत पंक्तीचा प्रश्न कोणी काढला असेल, असं मला वाटत नाही.

यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी अशी आहे. दुसऱ्या बाजीरावांच्या मागे औरस मुलगा नव्हता. 1827 मध्ये त्यांनी दत्तक घेतलेले नानासाहेब त्यांचे वारस झाले, आणि रावसाहेब त्यांचे पुतणे. दत्तक मुलगा शास्त्राने पूर्ण मुलगा होतो. ती एक उदार सोय आहे आणि तिच्यात काहीच कमीपणा नाही. पण त्याच समाजाने परक्या रक्ताला विधी करून आपलं म्हटलं आणि आपल्या रक्ताला विधी नाकारून परकं ठेवलं, हेही खरं. 1858 च्या त्या छावणीत पेशव्यांची पाटी ज्यांच्याकडे होती, ते दत्तक घराण्यातले होते. थोरल्या बाजीरावांपासून बापाकडून मुलाकडे चालत आलेलं रक्त होतं ते बांद्याच्या नवाबाचं.

शेवट तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या अली बहादूरांनी 1858 च्या अखेरीस शरणागती पत्करली. बांदा गेलं, चार लाख गेले. त्यांना इंदूरला ठेवण्यात आलं आणि वर्षाला छत्तीस हजार रुपये ठरले. 1873 मध्ये ते वारले. मंचू राजपुत्र पिढीला एक पायरी खाली उतरत. आपल्या या घराण्याला ठरलेली पायरीच नव्हती, त्यामुळे ते उतरलं ते थेट खाली.

हे सगळं आज कशासाठी सांगायचं, असं कोणी विचारेल. मी मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर 'तुम्ही मराठीत लिहिता?' असा प्रश्न मला अजून अधूनमधून येतो. विचारणारा भला माणूस असतो, त्याला कौतुकच करायचं असतं. मी त्याला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचं नाव सांगतो, पेशवाईच्या अखेरीचे शाहीर सगनभाऊ यांचं सांगतो, अमर शेखांचं सांगतो. अलीकडे त्यात समशेर बहाद्दरांचंही सांगू लागलो आहे. ते कवी नव्हते, पण या घराचा माणूस कोण आणि पाहुणा कोण, हा प्रश्न त्यांच्यापासून समजायला सोपा जातो. पाहुणा घरासाठी मरायला जात नाही.

मार्केट यार्डात हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' आहे. 1974 पासून पुण्यात तिची केंद्रं चालू आहेत. दुपारी तिथे तोलणार, हमाल, टेम्पोवाले, शेतकरी एका बाकावर बसून जेवतात. शेजारी कोण बसलाय, याची चौकशी होत नाही, फक्त सरकून जागा करून दिली जाते. पेशवाईतल्या पुण्याला जे जमलं नाही, ते पुण्याच्याच कष्टकऱ्यांनी रोजच्या जेवणात करून दाखवलं आहे. आता इतिहासाच्या पुस्तकात तेवढं व्हायला हवं. शाळेच्या धड्यात थोरल्या बाजीरावांच्या मुलांची नावं येतील, तेव्हा नानासाहेब आणि रघुनाथराव यांच्या ओळीतच समशेर बहाद्दर हे नाव यावं, स्वल्पविराम देऊन, कंसात नको. आणि सवड मिळाली तर शिरूर तालुक्यात पाबळला जाऊन या. मस्तानीची कबर तिथे आहे. तिच्या मुलाची कबर भरतपूरला, नातवाचा शेवट कालिंजरला. या घराण्याची माणसं अशी दूरदूर पांगली, पण पुण्याहून सगळ्यात जवळ आहे ती आईच. तिला भेटायला जाताना तिच्या मुलाचं पूर्ण नाव आपल्या तोंडी असावं.